शिट्टी होईपर्यंत

माझ्या मामेसासऱ्यांइतका हळू माणूस अख्ख्या भिलाईत दुसरा नाही. आणि असलाच, तर तो अजून घरातून निघायचा आहे. हे मी सून म्हणून कौतुकानं सांगते आहे असं कुणी समजू नये, निदान सुरुवातीला तरी. मी वर्ध्याची, शाळेत शिकवणारी, एका हातानं पोळी उलटत दुसऱ्या हातानं साडीला पिन लावणारी बाई. हळू माणूस दिसला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आणि आमचं गाव तरी कसं, तर पोलादाच्या प्लांटच्या शिफ्टवर चालणारं. सकाळच्या शिफ्टची माणसं निघाली की सेक्टर दोनच्या रस्त्यांवरून स्कूटरींचा असा लोंढा जातो, की दूधवालाही बाजूला उभा राहून तो ओसरायची वाट बघतो. त्या लोंढ्याच्या मधोमध सायकल हातात धरून, रस्ता ओलांडण्याचं साधं काम सणासारखं सावकाश साजरं करणारा उंच, सडपातळ, पांढऱ्या मिशांचा माणूस दिसला, तर ते आमचे मामाजी. गंमत अशी, की हे गृहस्थ प्लांटच्या फायर ब्रिगेडमधून रिटायर झाले. घंटा झाली की बुटात पाय घालता घालता पळायचं, यातच त्यांची सगळी नोकरी गेली. रिटायर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून कपाटात ठेवलं आणि जाहीर केलं की आता कशासाठीही पळायचं नाही. त्यांच्या हाताखाली काम केलेली माणसं अजून तोंडात बोट घालतात.

मामाजींचा चहा प्यायचा कार्यक्रम पाहण्यासारखा असतो. कप हातात घेतात, वास घेतात, खाली ठेवतात, त्याच्याकडे पाहतात. मग पुन्हा उचलतात. तोवर माझे दोन चहा, भांडी आणि पाचवीच्या वह्यांचा एक गठ्ठा आटोपलेला असतो. मागे अहिवाऱ्याला नात्यातल्या एका लग्नात ते पंगतीला बसले. वाढपी येऊन गेले, जिलबी येऊन गेली, मठ्ठा येऊन गेला, शेजारचे लोक हात धुऊन आले, पुढच्या पंगतीची माणसं मागे उभी राहून खाकरायला लागली, आणि मामाजी पहिल्या पुरीचा दुसरा घास चावत होते. शेवटी दुसरी पंगत त्यांच्या दोन्ही बाजूंनी बसली, तीही उठली, आणि तिसऱ्या पंगतीबरोबर त्यांचं जेवण संपलं. मुलीच्या बापाला वाटलं, पाहुणे तीनदा जेवले. बिचारा खूश झाला. दुर्गला जाणारे शेअर ऑटोवाले त्यांना लांबून ओळखतात. त्यांनी हात दाखवला की ऑटोवाला थांबतो, आणि त्यांनी एक पाय आत ठेवून दुसऱ्याचा विचार सुरू केला की निघून जातो. बँकेच्या एटीएमसमोर ते एकदा कार्ड घालून असे शांत उभे राहिले, की मशीनच्या पडद्यावर प्रश्न आला, ‘क्या आपको और समय चाहिए?’ मामाजी घरी आले ते भारावून. म्हणाले, "सूनबाई, एवढ्या मोठ्या गावात मले हे विचारणारं कोणीतरी भेटलं." फोनवर तर विचारूच नका. ‘हॅलो’ म्हटलं की पलीकडे शांतता. आपण दोनदा ‘हॅलो, हॅलो’ करतो, नेटवर्कला शिव्या देतो आणि ठेवून देतो. नेटवर्क ठीकच असतं. मामाजी काय बोलायचं ते ठरवत असतात.

एकदा माझा संयम सुटला. शाळेची वेळ झालेली, त्यांचं ताट उचलायचं राहिलेलं, आणि हे भाजीतली मेथी निरखत बसलेले. मी म्हटलं, "मामाजी, इतकं हळू कावून जेवता हो?" त्यांनी घास संपवला. पाणी प्यायले. मग म्हणाले, "तुही मामी ताट वाढे आन् म्हणे, बसा ना घडीभर. मी म्हणो, टाइम नाही. उभ्या उभ्या जेवो आन् पळो. आता टाइम आहे. ती नाही." एवढं बोलून ते पुन्हा मेथीकडे वळले. त्या दिवशी मी शाळेत उशिरा पोचले आणि पहिल्यांदाच मला त्याचं काही वाटलं नाही.

या माणसानं योगाच्या वाटेला जाणं आणि तोही हळू करणं, यात तशी नवलाची गोष्ट नाही. पण सुरुवात मात्र उलटी झाली होती. रिटायर झाल्यावर ते बगिच्यातल्या एका योग मंडळात जायला लागले. तिथले गुरुजी उत्साही. सूर्यनमस्कार असे घालून घेत, की समोरून पाहणाऱ्याला वाटावं कुणी सतरंज्या झटकतंय. तिसऱ्याच सकाळी मामाजींची कंबर धरली. ती अशी धरली, की त्यांना घरातल्या गार फरशीवर, गोधडीची गुंडाळी पाठीखाली घेऊन पडून राहण्यावाचून उपाय उरला नाही. पडल्या पडल्या करायचं काय? दुखतं तिथं लक्ष देत राहिले. बऱ्याच वेळानं त्यांच्या लक्षात आलं, की जिथं अडलं होतं ते आपोआप थोडं सैल होतंय. बाईनं गळ्याभोवतीचा पदर सोडावा तसं, हे त्यांचे शब्द. मग मोबाइलवर त्यांनी शोधलं, तर जगात या प्रकारचा संथ योग करणारे, एकेका आसनात निवांत पडून राहणारे लोक आहेत असं कळलं. आपल्या जातकुळीची माणसं पृथ्वीवर आहेत हे समजल्यावर मामाजींना जो आनंद झाला, तो मी त्यांना नातू झाला तेव्हाही पाहिला नव्हता.

त्यानंतर त्यांनी आपले सिद्धांत बनवले, आणि ते ऐकण्यातून सेक्टर दोनमधलं कुणीही सुटलं नाही. मला ते उभ्या उभ्या, कणीक मळताना ऐकावे लागले. "आसन म्हणजे प्लांटचं गेट आहे, सूनबाई. गेटवर जाऊन तू धक्के मारशीन तर शिपाई आत सोडंन का? थांबा लागते. पास दाखवा लागते. तो पासकडे पाहते, तुह्या तोंडाकडे पाहते, मंग म्हणते, जा. शरीराचंबी तसंच. वाकता वाकता जिथं अडलं, तिथंच थांबायचं. श्वास दाखवायचा. तो स्वतःहून सोडते." मी म्हटलं, आणि नाही सोडलं तर? म्हणाले, "तर आजची ड्यूटी गेटवरच." आत गेल्यावर हालायचं नाही, हा दुसरा नियम, सारखं झाकण काढून पाहिलं की भात कच्चा राहतो. ओढल्यासारखं वाटलं तर राहायचं, टोचल्यासारखं वाटलं तर बाहेर यायचं, यात मर्दानगी दाखवायची नाही, हा तिसरा. आणि शेवटचा, ज्याच्यावर त्यांचा सगळ्यात जास्त जोर, तो असा, की आत जाताना जितकं हळू गेलो त्याहून हळू बाहेर यायचं. "आग विझवताना आमची पोरं कधी पडली नाही," ते सांगत. "आग विझल्यावर, शिडी उतरताना पडली. काम झालं म्हटलं का मानूस घाई करते."

आता आसनात किती वेळ राहायचं, हा प्रश्न घड्याळ कपाटात ठेवलेल्या माणसानं कसा सोडवावा? मामाजींनी तो कुकरवर सोपवला. एकट्याचा स्वयंपाक, सकाळी गॅसवर कुकर चढवायचा, गोधडीवर जाऊन पडायचं, शेवटची शिट्टी झाली की सुटायचं, भाताची ती लवकर होते, चण्याची फार उशिरा. त्यामुळे त्यांच्या आसनांची जुनी नावं मागे पडली आणि नवी आली. मानेचं होतं ते भाताचं. खांद्याचं, ते तुरीच्या डाळीचं. आणि कमरेचं, मांड्यांचं, गुडघ्यांचं जे खोल आणि चिवट असतं, ते चण्याचं. चण्याचं आसन येणं ही त्यांच्या लेखी मोठी पदवी होती. एका सकाळी ते चण्याच्या आसनात पडलेले असताना गल्लीतला कुत्रा येऊन त्यांच्या पोटावर मान टाकून झोपला. शिट्टी झाली, चणे शिजले, गॅस त्यांच्याच्यानं बंद करवेना. कुत्र्याला उठवायचं कसं? शेवटी आमच्या मागच्या लाइनीतल्या त्यांच्या क्वार्टरातून हाक आली, "सूनबाई, माह्या घरचा गॅस बंद करून देजो बेटा, पाहुणे आले आहेत." मी गेले, गॅस बंद केला, पाहुणे पाहिले आणि परत आले.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं तोवर ठीक होतं. मग आई पडल्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई, मामाजींची थोरली बहीण. न्हाणीघरात पाय घसरला, गुडघ्यापाशी हाड मोडलं, प्लास्टर झालं, निघालं. हाड जुळलं, पण गुडघा लाकडासारखा ताठ. चालता येई, खाली बसता येत नसे. डॉक्टर म्हणाले, आता हळूहळू वाकवायला लागा, दुखेल इतकं ओढू नका. ‘हळूहळू’ हा शब्द ऐकून सोबत आलेल्या मामाजींनी मान वर केली. त्यांना वाटलं, डॉक्टरनं आपलंच नाव घेतलं.

पण आईंचं दुखणं गुडघ्यात नव्हतं. आमच्या सेक्टरातल्या विहारात दर रविवारी वंदना होते आणि ती आई घेतात. घेतात म्हणजे मी लग्न होऊन आले त्याच्याही कितीतरी आधीपासून घेत आल्या आहेत. पांढरं लुगडं, समोर पांढरी चादर, बुद्धमूर्तीच्या अगदी पुढ्यात खाली बसलेली ती ताठ पाठ. आई सांगणार आणि मागून सगळं विहार म्हणणार. ज्यांना खाली बसवत नाही त्यांच्यासाठी मागच्या भिंतीला लाल प्लास्टिकच्या खुर्च्या लावलेल्या असतात. प्लास्टर निघाल्यावर महिला मंडळाच्या बायका घरी आल्या, म्हणाल्या, "आई, खुर्ची पुढं आणून ठेवतो, तुम्ही खुर्चीवरून घ्या." आईंनी त्यांना चहा पाजला, गोड बोलल्या आणि त्या गेल्यावर मला म्हणाल्या, "त्याच्यापुढं मी कधी खुर्चीवर बसली नाही. बसीन तर खाली बसीन. नाही तर नाही." त्यानंतर त्या विहारात गेल्याच नाहीत. रविवारी वंदनेच्या वेळेला त्या टीव्हीचा आवाज मोठा करून बसत. टीव्हीवर काय चाललंय ते त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. मला ते पाहवत नसे. मी उगाच भांडी आपटत बसे.

फाल्गुन संपत आला होता तेव्हा एका सकाळी मामाजी बगलेत गोधड्यांची चळत आणि पिशवीत टॉवेलनं गुंडाळलेल्या दोन भट्टीच्या विटा घेऊन आमच्या मागच्या अंगणात हजर झाले. पोलादाच्या भट्ट्यांना आतून लावायच्या या विटा भिलाईत घरोघरी असतात. कुणी त्यावर कूलर ठेवतं, कुणी तुळस. मामाजींनी त्या योगासाठी राखल्या होत्या, हात टेकायला. आईंना म्हणाले, "ताई, वैशाख पौर्णिमेले तू विहारात खाली बसशीन. मी सांगून राहिलो." आई म्हणाल्या, "कोणत्या सालच्या?" मामाजींनी त्याचा विचार केला आणि म्हणाले, "यंदाच्या."

आणि माझं स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात गेलं. माझ्या ओट्यासमोरची खिडकी मागच्या अंगणात उघडते. तिथं पेरूच्या झाडाखाली ही बहीणभावंडं बसणार आणि त्यांची घंटा म्हणजे माझा कुकर. सकाळी खिडकीतून पहिला प्रश्न येई, "आज काय शिजून राहिलं?" भात म्हटलं की मामाजींचं तोंड उतरे. चणे म्हटलं की म्हणत, "वा! मंग आज गुडघा घेऊ." पुढं पुढं ते आदल्या संध्याकाळीच येऊन आईंचा गुडघा चाचपून मला सांगायला लागले, उद्या काय भिजत घालायचं ते. परिणाम असा झाला, की आमच्या घरी चणे, वाटाणे आणि राजमा यांच्याशिवाय काही शिजेना. आमचे हे डब्याचं झाकण उघडून म्हणत, "क्या यार, आज फिर चना? गुडघा आईचा आहे, पोट माझं आहे!" शेजारच्या साहू दीदींनी तर कुंपणावरून विचारलंच, "बहिनी, तुंहर घर रोज चना काबर चुरथे?" रोज चणेच का शिजतात म्हणे. सासूबाईंचा गुडघा वाकवायला शिजवते, असं मी कुठल्या तोंडानं सांगणार? म्हटलं, सस्ता पडता है दीदी.

पहिल्या दिवशी आई गोधड्यांच्या एवढ्या उंच चळतीवर बसल्या होत्या, की ते बसणं आणि स्टुलावर बसणं यात काही फरक नव्हता. पाय जेमतेम दुमडलेला, हात विटांवर, डोळे मिटलेले. मामाजी शेजारी भिंतीला पाय लावून पडत आणि मधूनच म्हणत, "गेट आलं का? थांब मंग तिथंच." चळतीतली एकेक गोधडी ते काढत गेले, पण सांगून नव्हे. आई पाणी प्यायला उठल्या की हळूच एक कमी. आईंना कळत होतं. त्याही बोलत नव्हत्या. मी खिडकीतून पाही. माझ्या मते हे फारच हळू चाललं होतं. चैत्र अर्धा सरला, ऊन असं तापलं की अंगणात सकाळीही पाय ठेववेना. मी म्हटलं, "मामाजी, पौर्णिमा आली की हो!" ते म्हणाले, "येऊ दे. तिले घाई आहे, आपल्याले नाही."

आईंना मात्र घाई झाली. एका दुपारी घरात कुणी नाही असं पाहून त्यांनी एकटीनंच जमिनीवर बसून पाहिलं, जोर लावून. संध्याकाळी गुडघा टम्म सुजला. मामाजींनी पाहिलं आणि काही बोलले नाहीत. मला वाटलं, रागावले नाहीत. पण त्यांचं सगळंच उशिरा येतं. राग दुसऱ्या दिवशी सकाळी आला. अंगणात उभं राहून ते म्हणाले, "गेट तोडून आत गेली तू. आता शिपाई तुले वळखंन का? कावून केलं असं?"  आई लहान पोरीसारखं रडत म्हणाल्या, "मले वाटलं, तू मन राखून राहिला माहं. मी काही बसत नाही आता." मामाजींनी त्यांच्याशेजारी बसायला जेवढा वेळ लावला, तेवढ्यात त्यांचं रडं थांबलंसुद्धा. "मन राखाले आलो असतो तर शेंगदाण्याचे लाडू आणले असते," ते म्हणाले. "गोधड्या कावून वाहून राहिलो मी?" डॉक्टरांनी आठवडाभर विश्रांती सांगितली. काढलेल्या गोधड्या पुन्हा चळतीत गेल्या.

पौर्णिमेच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. चळत पुन्हा खाली आली होती. आईंच्या खाली आता एकच पातळ गोधडी, पाय मागे दुमडून टाचांवर बसलेल्या. पण त्यांची हिंमत मात्र त्या चळतीबरोबरच खाली आली होती. रोज म्हणत, डाळीएवढं बसते, तेवढंच. पौर्णिमेले विहारात पाहुण्याचं भाषण असते, केवढं लांब, मले मधातच उठा लागंन, लोकाइसमोर तमाशा. त्या सकाळी मी चणे लावले आणि साहू दीदींनी हाक मारली म्हणून पुढच्या फाटकाशी गेले. दीदींच्या सुनेचं बाळंतपण, मग आंबे, मग पुन्हा बाळंतपण. बोलण्यात मी कुकर विसरले. परत आले तर घरात चिडीचूप. कुकर थंडगार. सिलिंडर संपला होता, आणि बर्नरवर ज्योत नसल्याला बराच वेळ झाला होता. मी खिडकीतून वाकून पाहिलं. मामाजींचे पाय भिंतीला. शेजारी आई तशाच टाचांवर बसलेल्या, हात मांडीवर, विटा बाजूला पडलेल्या, चेहरा एवढा शांत की मला हाक मारवेना. तरी मारली. "आई, अहो गॅस संपलाय! कधीचाच!"

आईंनी डोळे उघडले. "म्हणजे शिट्टी नाही झाली?"

"कुठून होणार? चणे कच्चे आहेत."

"मंग मी कवापासून बसून राहिली?"

मामाजींनी एक डोळा उघडला. "पाहुण्याचं भाषण झालं," ते म्हणाले. "आभार झाले. खीर वाटून झाली. लोक चपला शोधून राहिले." आणि डोळा पुन्हा मिटला. आई आधी त्यांच्याकडे पाहत राहिल्या, मग माझ्याकडे, मग स्वतःच्या गुडघ्याकडे. आणि अशा हसायला लागल्या, की पेरूवरचे पोपट उडाले. हसता हसता उठायला गेल्या तेव्हा मामाजी पडल्या पडल्याच ओरडले, "हळू! शिडी उतरायची आहे अजून!"

पौर्णिमेला विहार गच्च भरलं होतं. आई पांढऱ्या लुगड्यात आत आल्या. मागच्या लाल खुर्च्यांजवळून जाताना त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. सगळ्यांच्या मधून पुढे गेल्या, आपल्या जागेवर उभ्या राहिल्या, आणि खाली बसायला सुरुवात केली. सुरुवात केली असंच म्हणायला हवं, कारण ते बसणं बराच वेळ चाललं. आधी हात, मग एक गुडघा, मग थांबणं, मग दुसरा. पण त्या बसल्या. बसून, पुढे वाकून, कपाळ जमिनीला टेकवलं, आणि ते उचलून वंदना घ्यायला सुरुवात केली. एरवी आमच्याकडे वंदना जरा गाडी पकडायची असल्यासारखी म्हटली जाते. त्या दिवशी आईंनी एकेक शब्द असा सावकाश घेतला, की मागच्या माणसांनाही तसंच म्हणावं लागलं, आणि मी वर्षानुवर्षं पाठ असलेले ते शब्द पहिल्यांदा नीट ऐकले. पाहुण्यांनी भाषण लांबवण्यात काही कसर ठेवली नाही. मी भाषणातलं एक अक्षर ऐकलं नाही. माझे डोळे आईंच्या पाठीवर. पाठ ताठ होती.

मग सगळे शेवटी उठले आणि आई उठायला लागल्या. हात टेकले. गुडघा थरथरला. मंडळाच्या दोन पोरी धावल्या त्यांना धरायला, तोच पुरुषांच्या बाजूनं असा आवाज आला की भिंती हादराव्यात, "हात नोका लावू!" मामाजींना एवढ्या चटकन बोलताना आमच्यापैकी कुणीच ऐकलं नव्हतं. पोरी जागच्या जागी थांबल्या. पाहुणे थांबले. सगळं विहार उभं राहून एका म्हातारीच्या उठण्याची वाट पाहत होतं, आणि ती कुणाचीही पर्वा न करता, एक पाऊल टेकवून, थांबून, श्वास घेऊन, जणू सगळा वैशाख तिच्यासाठी राखून ठेवलाय अशी, सावकाश वर आली. उभी राहिली. पदर सारखा केला. चांगलं झालं म्हणून विहारात म्हणतात तसं कुणीतरी म्हणालं, "साधू!" आणि मग सगळ्यांनी म्हटलं, साधू, साधू, साधू. मी म्हटलं की नाही ते मला आठवत नाही, कारण मी रडत होते.

आणि तेवढ्यात मामाजी पळाले. खोटं सांगत नाही. भिलाईतला सगळ्यात हळू माणूस, पुरुषांच्या रांगेतून, चादरी तुडवत, कुणाच्या पाहुण्याला कोपर मारत, घंटा झाल्यासारखा बहिणीकडे धावला आणि तिचे दोन्ही हात धरून उभा राहिला.  नंतर खीर खाताना मी चिडवलं, "मामाजी, पळालात तुम्ही!" तर चमचा खाली ठेवून म्हणाले, "कोण? मी चालतच होतो." आणि त्या दिवशी गॅस संपल्याचं त्यांना केव्हा कळलं, हेही मी तेव्हाच विचारलं. त्यांनी खिरीचा एक चमचा खाल्ला. मग मिशीत हसून म्हणाले, "जनमभर आगीच्या मागं पळालो, सूनबाई. ती विझली तर मले आवाज येणार नाही?"

आई आता दर रविवारी वंदना घेतात. टीव्ही त्या वेळी बंद असतो. घरात पुन्हा वरणभात होऊ लागला, ह्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण मागच्या लाइनीतलं मामाजींचं क्वार्टर दुसऱ्या कुणाला मिळालं. रिटायर झालेल्या माणसानं ते कधी ना कधी सोडायचंच असतं. मामाजींनी त्यातही लावता येईल तेवढा वेळ लावला. हल्ली ते मुलाकडे, दुर्गच्या पद्मनाभपूरला असतात. पद्मनाभपूर काही परदेश नाही, पण ऑटोवाले त्यांना अजूनही दुसरा पाय आत घेऊ देत नाहीत. गेले तेव्हा त्या दोन विटा आईंना देऊन गेले. पेरूखालची जागा मी रोज झाडते आणि रोज ती मला जास्त मोठी वाटते.

सकाळी मी कुकर चढवला की आई मागच्या अंगणात गोधडी टाकतात, मोबाइल विटेवर उभा करतात, आणि मामाजींना फोन लावतात. "लावला का?" पलीकडून आवाज येतो. "लावला," आई म्हणतात. मग दोघंही काही बोलत नाहीत. इतर लोक अशा वेळी फोन ठेवून देत. आई ठेवत नाहीत. इकडे बहीण, तिकडे भाऊ, मध्ये ती लांबलचक शांतता, आणि तिच्यात कधी इकडचा पोपट, कधी तिकडची स्कूटर. शिट्टी झाली की फोनमधून आवाज येतो, "सोड आता. हळू सोड." आणि फोन बंद होतो. डाळीची शिट्टी फार लवकर होते. म्हणून मी हल्ली पुन्हा रात्री चणे भिजत घालायला लागले आहे. हे कुरकुरतात, कुरकुरोत.